१० इंची मिनी वूड लेथ: बजेट चक आणि धारेसाठी राखून ठेवा

बरेच दिवस वापरून झाल्यावर लिहितोय. मशीन आहे लाकूड गोल फिरवून कातायचं, १० इंच स्विंगचं (म्हणजे जास्तीत जास्त १० इंच व्यासाचं लाकूड फिरतं), कास्ट आयर्न बॉडी, दोन सेंटरमध्ये (लाकूड दोन्ही टोकांना धरणारे भाग) १८ इंचाचं लाकूड बसतं, म्हणजे लाटणं, भोवरा, वाटी, पेन सगळं आरामात होतं, टेबलाचे पाय करायचे असतील तर मात्र बेड एक्स्टेन्शन (मशीनची लांबी वाढवणारा जोड) घ्यावं लागेल. आणि १० इंच कागदावरचे हां, टूल रेस्टचा (हत्यार टेकवायच्या आधाराचा) बेस मध्ये येतो त्यामुळे लांब ओंडका एवढा जाड फिरत नाही.

माझ्या मते घेण्यासारखं ते एकाच कारणामुळे, सगळं स्टँडर्ड आहे. स्पिंडलचे (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याचे) आटे एक इंच ८ टीपीआय (इंचाला ८ आटे), टेपर (सेंटर बसवायचं निमुळतं भोक) दोन्हीकडे मोर्स २ नंबर. दुकानात आधी हेच विचारा, कारण आटे विचित्र असले की चक (लाकूड पकडणारे जबडे) मिळता मिळत नाही. दोन्ही बाजूंना टोकदार सेंटर लावून टेलस्टॉक (मागचा सरकणारा भाग) पुढे सरकवून बघा, टोकाला टोक भिडलं पाहिजे, नाहीतर ड्रिलिंगला भोक वाकडं जाणारच.

चार जबड्यांचा स्क्रोल चक लगेच घ्या, वाटी करायची तर तो हवाच. सोबत आलेल्या पटाश्या मला अजिबात आवडल्या नाहीत, मऊ लोखंड, बाभळीवर लगेच बोथट. त्यापेक्षा हाय स्पीड स्टीलचा स्पिंडल गाउज (लांब लाकडासाठी पन्हळीची पटाशी), बाउल गाउज (वाटीसाठी) आणि पार्टिंग टूल (कापून वेगळं करायला), एवढं पुरे. बेंच ग्राइंडरला पांढरं चाक लावा. हाय स्पीड स्टील घासताना निळं पडलं तरी त्याचं पाणी (कडकपणा) उतरत नाही, साध्या कार्बन स्टीलचं उतरतं. धार नीट असली आणि आंबा ओला असला की काय सुंदर लांब ढलप्या निघतात! रफिंग गाउज (ओंडका आधी गोल करायचा) वाटीला लावू नका, त्याची शेपटी (मुठीत जाणारा भाग) बारीक असते, अडकला तर तुटतो. आणि फेस शील्डशिवाय स्विच दाबायचा नाही.

आता रिपेअरिंग. मध्यंतरी हेडस्टॉकमधून (स्पिंडल असतो त्या भागातून) घरघर यायला लागली, सर्व्हिसवाले म्हणाले पूर्ण हेडस्टॉक बदला. मी पट्टा काढून नुसती मोटर चालवली, आवाज बंद, मग स्पिंडल हाताने फिरवला तर आत वाळू असल्यासारखं खरखरत होतं, म्हणजे बेअरिंगच गेलेलं. उघडल्यावर आत ६२०५ नंबरचं बेअरिंग निघालं, आतून २५ मिमी, बाहेरून ५२, जाडी १५, एकदम कॉमन साइज. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाऊन जोडी आणली, दोन्हीकडे रबर सील असलेली घ्या म्हणजे भुसा आत जात नाही. स्पिंडलवर बसवताना आतल्या रिंगवरच पाइप टेकवून ठोका, बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर नवीन बेअरिंग तिथेच खराब होतं. पट्टाही फार ताणू नका, त्याने बेअरिंगवर कायम लोड राहतो.