दोन डिस्कसाठी रेड कार्ड? एमडीएडीएम पुरे

लिनक्सवर रेड करायचं, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडायच्या, तर त्यासाठी वेगळं कार्ड घ्यावं की काम कर्नेलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर सोपवावं? मी दोन्ही वापरलंय. दोन-चार डिस्कच्या मशीनसाठी माझं मत एमडीएडीएमला, म्हणजे कर्नेलचं रेड सांभाळणाऱ्या लिनक्सच्या टूलला.

वेगासाठी नव्हे, अडकून पडायला नको म्हणून. माझं कार्ड गेलं तेव्हा डिस्क ठणठणीत होत्या, पण त्यांच्यावरची मांडणी फक्त त्याच जातकुळीच्या कार्डाला कळायची. तसं जुनं कार्ड हुडकून मिळेपर्यंत डेटा डोळ्यांसमोर असून नसल्यासारखा. एमडीएडीएम ॲरेची, म्हणजे जोडलेल्या डिस्कच्या संचाची, सगळी माहिती डिस्कवरच सुपरब्लॉक नावाच्या छोट्या नोंदीत ठेवतं. डिस्क काढा, दुसऱ्या लिनक्स मशीनला जोडा, असेंबल-स्कॅनची कमांड चालवा, ॲरे उभा.

शिवाय इथे काही झाकलेलं नसतं. प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट फाइल उघडली की मिररसाठी (दोन डिस्कवर तोच डेटा) चौकटी कंसात दोन यू दिसतात, चालू डिस्कमागे एक; एकाच्या जागी अंडरस्कोअर आला की समजायचं, डिस्क गळाली. रिबिल्ड, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं, किती टक्के झालं, किती वेळ उरला, तेही तिथेच. एमडीएडीएमच्या मॉनिटरला, म्हणजे ॲरेवर नजर ठेवणाऱ्या भागाला, मेलचा पत्ता मात्र आठवणीने द्या. नाहीतर पहिली डिस्क गेल्याचं दुसरी गेल्यावर कळायचं!

कार्डाच्या बाजूने एक गोष्ट खरी: बॅटरीवाला कॅशे, म्हणजे लिहायचा डेटा तात्पुरता धरून ठेवणारी मेमरी. अचानक वीज गेली तरी लिहायचं राहिलेलं त्यात टिकतं, त्यामुळे रेड ५ मधल्या (हरवलेला डेटा पॅरिटी नावाच्या हिशेबी माहितीवरून परत काढणारा प्रकार) राइट होलची, म्हणजे लिहिणं अर्धवट राहून डेटा आणि पॅरिटी न जुळण्याची, धास्ती कमी. डेटाबेसच्या बारीकसारीक राइट्सना वेगही चांगला मिळतो. पण बॅटरी थकली की बरीच कार्डं आपणहून राइट-थ्रूवर, म्हणजे कॅशेत न थांबता थेट डिस्कवर लिहिण्यावर येतात आणि तो वेग संपतो. एमडीएडीएममध्ये रेड ५ साठी वेगळ्या एसएसडीवर जर्नल, म्हणजे आधी तिथे लिहून ठेवलेली नोंद, ठेवता येतं; तेही राइट होल टाळतं. साध्या मिररला पॅरिटीच नाही, म्हणजे ती कटकटही नाही.

मदरबोर्डवर फुकट मिळणाऱ्या ‘रेड’ला भुलू नका. बहुतेक वेळा तेही सॉफ्टवेअरच. सगळं काम प्रोसेसरच करतो. त्याच ॲरेवर विंडोजही हवं असेल तरच त्याच्या वाटेला जा, एरवी बायोसमध्ये (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) एएचसीआय, म्हणजे डिस्क सुट्या दाखवणारा साधा मोड, निवडून मोकळे व्हा.

एमडीएडीएमचं मला खटकतं ते बूटचं प्रकरण. कार्ड बायोसला एकच डिस्क दाखवतं, त्यामुळे तिथे प्रश्न मिटतो. इथे ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) दोन्ही डिस्कवर टाका, ईएफआय पार्टिशनची (बूटच्या फाइल ठेवायचा डिस्कचा भाग) वेगळी सोय बघा, आणि मग एक डिस्क काढून मशीन खरंच चालू होतं का ते तपासा. इन्स्टॉलरने हे सगळं स्वतःहून करायला काय हरकत आहे?