बॅलार्ड इस्टेट की उलवे : शिपिंग कंपनीने ऑफिस कुठे करावं?

मुंबई बंदराच्या आसपास स्वतःचं ऑफिस हवं असलेल्या शिपिंग कंपनीपुढे सहसा दोन वाटा असतात. बॅलार्ड इस्टेटमधली जुनी इमारत घेऊन आतून नवी करायची, नाहीतर खाडीपलीकडे नवी मुंबईतल्या उलवे-जेएनपीटी (न्हावा शेवा बंदर) पट्ट्यात नवी बांधायची. चर्चा भाव आणि ‘सी व्ह्यू’वरच अडकते. माझं स्पष्ट मत आहे की आधी पाणी कोणत्या दिशेला आहे ते बघा, आणि मग जमिनीखाली काय आहे ते.

बॅलार्ड इस्टेटला बंदर पूर्वेला. पाण्याकडच्या खिडक्यांवर सकाळचं ऊन येतं आणि दुपारी सावली पडते. नैर्ऋत्येचा पाऊसही मागच्या बाजूला झोडपतो. उलव्याला सगळं उलट, समुद्र पश्चिमेला. ऐन कामाच्या वेळी, दुपारी तीननंतर, ऊन थेट काचेवर येतं आणि पावसाळ्यात त्याच काचेच्या सांध्यांवर वाऱ्यासकट मारा होतो. पश्चिमेचं ऊन तिरपं असल्याने नुसता छज्जा पुरत नाही, उभ्या पट्ट्या लागतात. तिथे पूर्ण काचेची दर्शनी भिंत मी कुणालाच सुचवणार नाही.

आता जमीन. बॅलार्ड इस्टेट 1914 ते 1918 दरम्यान, अलेक्झांड्रा डॉक (आजचा इंदिरा डॉक) खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर उभी राहिली. आराखडा वास्तुविशारद जॉर्ज विटेटचा. त्या भरावाला शंभर वर्षं बसायला मिळाली आहेत. उलव्याच्या खाडीकाठी खाली मऊ सागरी चिकणमाती. इमारत पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल घातलेल्या खांबांवर, खडकापर्यंत जाते, ती हलत नाही. पण भोवतीचा भराव खचत राहतो. मग प्रवेशद्वाराशी नसलेली पायरी तयार होते, फरसबंदी कलते आणि इमारतीतून बाहेर पडणारी ड्रेनेजची पाइप नेमकी भिंतीपाशी तुटते. तिथे लवचिक जोड आधीच द्या. खचणारी माती पाइललाही खाली ओढते, तो भार डिझाइनमध्ये धरलाय का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

खारी हवा दोन्हीकडे आहे. नव्या बांधकामात आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान एम30 दर्जा आणि 45 मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) लागतं. रेलिंगला 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या; 304 वर लवकर डाग पडतात. जुन्या इमारतीत स्लॅबमधले लोखंडी गर्डर उघडून तपासल्याशिवाय व्यवहार करू नये. शिवाय हेरिटेज परिसर असल्याने बाहेरून फारसं काही बदलता येत नाही. एसीची बाहेरची युनिटं कुठे लपवायची, हाच तिथला मोठा प्रश्न होतो.

उलव्यात कांदळवनालगत 50 मीटरच्या पट्ट्यात बांधता येत नाही, त्यामुळे ‘पाण्यालगतचा’ प्लॉट अनेकदा झाडांमागे जातो. सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) रेषा प्लॉटच्या नकाशावर आधीच मारून घ्या. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की गटाराचं पाणी उलटं येतं, म्हणून जनरेटर आणि इलेक्ट्रिक पॅनेल तळघरात नकोत, निदान पहिल्या मजल्यावर हवेत.

चार्टरिंग (जहाजं भाड्याने देणं-घेणं), ब्रोकिंग, एजन्सीचं काम आणि तीस-चाळीस माणसं असतील तर मी डोळे झाकून बॅलार्ड इस्टेट म्हणेन. कस्टम हाउस आणि पोर्टचं ऑफिस चालत गाठता येतं. चोवीस तास चालणारा फ्लीट कंट्रोल रूम, ट्रेनिंगचा सिम्युलेटर, कंटेनरचं काम असेल तर उलवे. अटल सेतूमुळे जानेवारी 2024 पासून शिवडीही जवळ आली आहे. मात्र टोकन देण्याआधी त्या प्लॉटचा बोअरहोल रिपोर्ट, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून केलेल्या माती-तपासणीचा अहवाल, मागा. शेजारच्या प्लॉटचा चालणार नाही.