यूपीआय लाइट : आठ महिने वापरल्यानंतर

लाइट सुरू केलं ते सोयीसाठी नव्हे, बाबांच्या पासबुकामुळे. त्यांचं नि माझं जॉइंट खातं आहे. बाबा दर महिन्याला शाखेतल्या मशीनवर पासबुक भरून आणतात आणि चष्मा लावून एकेक नोंद वाचतात. माझ्या चहा-रिक्षा-कोथिंबिरीच्या नोंदींनी एक पासबुक तीन महिन्यांत संपलं. "हे रोज पंधरा रुपये कुणाला देतेस गं?" असं विचारल्यावर मी ॲपच्या सेटिंगमध्ये शिरले.

ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: खात्यातले थोडे पैसे फोनमधल्या पाकिटात काढून ठेवायचे. भरताना पिन लागतो, खर्च करताना नाही; पासबुकात नोंदही फक्त भरल्याची होते. २०२२ मध्ये हे आलं तेव्हा एका वेळी २०० रुपये आणि पाकिटात फार तर २,००० अशी मर्यादा होती. आता १,००० आणि ५,००० आहे. त्यावर व्याज मिळत नाही, पण भाजीच्या पैशांवर व्याज कोण मोजतंय.

खरा फरक कळतो तो मंडईत. एका हातात पिशवी, दुसऱ्यात फोन, मागून कोणाचा तरी धक्का, अशा वेळी सहा आकडी पिन दाबणं ही कसरतच होती. शिवाय शेजारचा माणूस स्क्रीनकडे बघतोय असं उगाच वाटायचं. आता कोड स्कॅन केला, रक्कम टाकली, की मावशींच्या गाड्यावरचा डबा आकडा बोलून मोकळा. महिन्याच्या सुरुवातीला पगारांच्या गर्दीत आमच्या बँकेचा सर्व्हर हमखास रुसतो. तेव्हाही लाइटचे पैसे जातात, कारण प्रत्येक खर्चाला खात्याचं दार वाजवावं लागत नाही. माझ्या फोनला टॅपची, म्हणजे मशीनला फोन टेकवून पैसे देण्याची सोय आहे, पण टॅप घेणारं मशीन मॉलमध्ये. मंडईत पुठ्ठ्यावर चिकटवलेला कोडच चालतो.

मात्र नेट लागतंच. पीएमटीत कंडक्टरचा कोड स्कॅन केला आणि नेमकं पुलाखाली गोल गोल फिरत राहिलं. "ताई, झालं का? मागे लोक थांबलेत." त्या दिवसापासून फोनच्या कव्हरमध्ये शंभराची घडी घातलेली नोट असते. पावसाळ्यात तर ओल्या अंगठ्याने फोनच उघडत नाही, मग पिन वाचल्याचं कसलं कौतुक!

दोन गोष्टी आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं. एक, पाकिटात पैसे कमी पडले की माझं ॲप गुपचूप खात्याकडे वळतं आणि पिन मागतं. घाईत तो टाकलाही जातो आणि पासबुकात पुन्हा अठरा रुपयांची नोंद. दुसरी, पाकीट त्या फोनलाच बांधलेलं असतं. जुलैमध्ये माझा फोन पाण्यात पडून बंद झाला तेव्हा आत १,३४० रुपये होते. नव्या फोनवर लाइट सुरू केलं तर शिल्लक शून्य. बँकेत दोन खेपा घातल्या, अर्ज दिला, तेव्हा कुठे पैसे खात्यात परत आले. फोन बदलणार असाल तर आधी पाकीट रिकामं करा.

पिन नाही म्हणजे उघडा फोन कुणाच्याही हाती लागला की पाकीट त्याचंच. म्हणून मी सोमवारी ७०० रुपये भरते, बस्स. आपोआप भरण्याची सोय आठवडाभर चालू ठेवली होती, पण ते म्हणजे तळ नसलेला डबा. गुरुवारीच ७०० संपले, तर शुक्रवारी चहा घरून थर्मासमध्ये. रोख रकमेच्या दिवसांत आई साखरेच्या डब्यामागे आठवड्याचे पैसे ठेवायची, तसंच हे.

बाबांचं पासबुक आता स्वच्छ आहे. महिन्यात फार तर चार-पाच नोंदी माझ्या. पण परवा त्यांनी सातशेच्या नोंदीवर बोट ठेवलं. "आधी पंधरा-पंधरा रुपये कुठे गेले ते तरी कळायचं. हे सातशे कशाचे?" मी ॲपमधली यादी उघडून दाखवली. दोन पानं सरकवल्यावर त्यांनी फोन परत दिला आणि कपाटातून एक कोरी वही काढून माझ्यासमोर ठेवली.