ऑटोफॅजीवर काम करायचंय: कर्क्युमिन घ्यावं का रेझव्हेरॅट्रॉल?

नांदेड-हिंगोलीकडची दोन-तीन पोरं सध्या डिझर्टेशनसाठी विचारायलेत, दादा हळदीतलं कर्क्युमिन घेऊ का द्राक्षातलं रेझव्हेरॅट्रॉल, म्हणून मला जे वाटतं ते एकदाच लिहून टाकतो. ऑटोफॅजी म्हणजे पेशीनं स्वतःचाच जुना-खराब माल पचवून परत वापरणं; जपानच्या ओसुमींना २०१६ चं नोबेल याच कामाचं.

मी स्वतः आधी कर्क्युमिनच घेतलं होतं. घर वसमतच्या बाजूला, रानात हळद, शिजवणी चालू झाली की पंधरा दिवस अख्ख्या गावाला तोच वास आणि आईचे हात पिवळे ते पिवळेच, त्यामुळं ओढा तिकडंच होता. पेपरही ढीगभर. ग्लायोमाच्या (मेंदूतल्या गाठीच्या) पेशींत ते एकेटी-एमटॉरचा रस्ता, म्हणजे ऑटोफॅजी अडवून धरणारी प्रथिनांची साखळी, दाबून ऑटोफॅजी चालू करतं हे २००७ लाच आलंय. रेझव्हेरॅट्रॉल एएमपीके आणि सर्ट१ या दुसऱ्या दोन प्रथिनांच्या बाजूनं जातं, पण दाब शेवटी एमटॉरवरच येतो, म्हणजे कागदावर दोघांत फार फरक नाही.

फरक मला मायक्रोस्कोपखाली कळला. आपण शोधतो जीएफपी-एलसी३ चे हिरवे ठिपके (एलसी३ म्हणजे ऑटोफॅजीच्या पिशव्यांवर जमणारं प्रथिन, जीएफपी म्हणजे खूण म्हणून त्याला जोडलेलं हिरवं चमकणारं प्रथिन), आणि कर्क्युमिन निळा उजेड पडला की स्वतःच हिरवं चमकतं. डोस दिला, पेशी ठिपक्यांनी भरल्या, मी खूश, दोन महिने फोटो काढत राहिलो आणि मग एकदा जीएफपी न टाकलेल्या पेशींना नुसतं कर्क्युमिन देऊन बघितलं तर तीही डिश तशीच हिरवीगार. त्या दिवशी पोटात खड्डा पडला. वरून सीरम (रक्तातला पातळ भाग) नसलेल्या मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रावणात, कर्क्युमिन अर्ध्या तासात जवळजवळ ९० टक्के तुटून जातं, मग २४ तासांनी दिसलेला परिणाम कर्क्युमिनचा का त्याच्या तुकड्यांचा, हे कुणाला सांगणार?

तुमचा वेस्टर्न ब्लॉट (पट्ट्यांवरून प्रथिन मोजायची पद्धत) चांगला बसला असेल, किंवा लाल टॅगवालं एलसी३ मिळत असेल तर कर्क्युमिन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. रेझव्हेरॅट्रॉललाही खोड आहे, उजेडात ट्रान्सचं सिस होतं, म्हणजे रेणूचा आकारच बदलतो, त्यामुळं प्रत्येक ट्यूब फॉईलमध्ये गुंडाळायची, हूडचा (पेशी हाताळायच्या बंदिस्त टेबलाचा) लाईट बंद ठेवायचा, आणि महाग पडतं. पण हा त्रास हातानं सांभाळता येतो, तो हिरवा रंग मला नाही सांभाळता आला.

काहीही घ्या, बॅफिलोमायसिनचा (पेशीतलं पचन अडवणाऱ्या द्रव्याचा) सेट लावाच. एलसी३-२, म्हणजे पिशवीला चिकटलेलं एलसी३, पचन अडकल्यावरही वाढतं, तेवढ्यावर ऑटोफॅजी वाढली असं लिहू नका.

घरी कॅन्सरचा पेशंट असलेले पण विचारतात, गोळ्या चालू करू का. ऑटोफॅजी सुरुवातीला गाठ होऊ देत नाही, पण झालेल्या गाठीला केमोतून तगायला तीच मदत करू शकते, आणि मायलोमाच्या (रक्ताच्या एका कॅन्सरच्या) पेशंटना रोज ५ ग्रॅम रेझव्हेरॅट्रॉल दिलेली चाचणी किडनीच्या त्रासामुळं थांबवावी लागली होती. भाजीतली हळद चालू द्या, कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, हे हात जोडून सांगतो.

पोरांनो, गाईडचं ऐका, पण मला आज परत सुरू करायचं असतं तर रेझव्हेरॅट्रॉलच घेतलं असतं आणि जीएफपीशिवायची डिश पहिल्याच दिवशी लावली असती.