मशीन शॉपमधला कानबान फळा: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

कानबान फळा म्हणजे कुठलं काम कुठवर आलंय ते कार्डांवर दाखवणारा आणि एका वेळी किती कामं उघडायची त्याला मर्यादा घालणारा फळा. आमचा लावला पाडव्यानंतर. आता दसरा झाला, खंडेनवमीला यंत्रांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागलं. एवढा वापर झाल्यावर बरं-वाईट बोलायला हरकत नाही.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतलेला कच्चा भाग येतो, टर्निंग-मिलिंग-ड्रिलिंग करून आम्ही पुढं पाठवतो. इथं येण्याआधी मी पुण्यात एका स्टार्टअपमध्ये होतो. तिथं हाच फळा स्क्रीनवर असायचा. कार्ड ‘करायचंय’मधून ‘चालू’त सरकवायला बोटही दुखत नाही, त्यामुळं प्रत्येकाचं सगळंच कायम ‘चालू’. खरं तर ही पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांची नाहीच. टोयोटात ताइची ओनो यांनी १९५० च्या दशकात ती मशीन शॉपमध्ये बसवली. डोक्यात अमेरिकन सुपरमार्केट होतं: गिऱ्हाइकानं फळीवरून जेवढं उचललं तेवढंच परत भरायचं. म्हणजे लेथवर जन्मलेली गोष्ट लॅपटॉपवरून फिरून शिरोलीत आली.

आमचा फळा म्हणजे आठ बाय चारची प्लायवूडची शीट. रकाने असे: कास्टिंग आलं, टर्निंग, व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन), तपासणी, डिस्पॅच. एका लॉटला, म्हणजे एकाच पार्टच्या एका खेपेला, एक कार्ड, आणि रकान्यात जितके हुक तितकीच कार्डं. हुक मोकळा नसेल तर नवा लॉट मशीनवर चढवायचा नाही. आधी लोखंडी पत्रा आणि चुंबक होते. कूलंटच्या (कापताना मशीनवर सोडतात त्या थंड पाण्या-तेलाच्या) हातांनी चुंबक घसरायचे आणि कार्डावरचा पार्ट नंबर आठवड्यात वाचता येईनासा व्हायचा. आता कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात, वर जाड मार्करनं नंबर.

हुक आले तशी युक्तीही आली. एका हुकाला दोन-दोन कार्डं लटकायला लागली. आमचे सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारे, वडिलांच्या, आण्णांच्या वेळेपासूनचे आहेत, सगळं शॉप त्यांना मामा म्हणतं. एका संध्याकाळी त्यांनी सगळे हुक काढले, ग्राइंडरवर टोकं घासून एवढी आखूड केली की दुसरं कार्ड अडकवलं की खालीच पडतं. म्हणाले, “दादा, पाटी लिवून कोण ऐकतंय व्हय? जागाच ठेवायची न्हाई.” या फळ्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच. पुण्यात मर्यादा हा एक आकडा होता आणि कुणीतरी तो रोज ‘आजच्यापुरता’ वाढवायचा.

हे का चालतं, याचं कारण जुनं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे: उघडी, म्हणजे सुरू होऊन न संपलेली कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे आठवडे. समजा शॉपमध्ये २४ लॉट उघडे आहेत आणि आठवड्याला ६ बाहेर पडतात. मग आज घेतलेला लॉट ४ आठवड्यांनी निघणार, फोनवर कोण कितीही ओरडो. तेवढेच ६ काढत उघडे १२ च ठेवले, तर २ आठवडे. पार्टीला तारीख सांगताना आता मी फळ्याकडं बघून सांगतो. मुख्य म्हणजे ‘नाही’ म्हणायला हातात काहीतरी असतं. “जागा नाही, पुढच्या आठवड्यात चढवतो” हे गिऱ्हाईक ऐकून घेतं. “बघतो, करतो” म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस दारात.

आता तासांचं. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं म्हटलं, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं गाजलं. कारखाना कायद्यानं १९४८ सालीच आठवड्याला ४८ तास ठरवले, वरच्या तासांना दुप्पट दर. पुण्यातल्या कंपनीत रात्री नवापर्यंत बसणं ही निष्ठेची खूण होती, कामाची नव्हे. शॉपमध्ये ते सोंग चालत नाही. कास्टिंगच आलेलं नसेल तर ऑपरेटर रात्री अकरापर्यंत थांबून मोबाईलच बघणार, आणि त्याचे दुप्पट पैसे मी मोजणार. फळा लागल्यापासून ओव्हरटाइम खूपच कमी झाला, कारण एकाच वेळी सगळे लॉट ‘अर्जंट’ होणं थांबलं.

तक्रारी पण आहेत, त्यातली मोठी सेटिंगची, म्हणजे जॉब बदलला की मशीन नव्यानं लावण्याची. रांग आखूड ठेवायची तर लॉट लहान लागतात, आणि लहान लॉट म्हणजे पुन्हा फिक्स्चर बदला, टूल ऑफसेट घ्या, पहिला पीस पास करून घ्या. शिगेओ शिंगो यांनी डाय (प्रेसचा साचा) बदलायचा वेळ दहा मिनिटांच्या आत आणायचं तंत्र मांडलं. व्हीएमसीवर आम्ही तासाच्या आत आलो तरी पेढे वाटू. पहिले दोन महिने उत्पादन चक्क घसरलं. आण्णा रोज येऊन म्हणायचे, “मशीन मोकळं उभं आहे आणि तू फळा बघत बसलायस?” मशीनचा हप्ता चालू असताना हे ऐकायला जड जातं, आणि आण्णांचं म्हणणं अगदीच चूक नाही. जिथं खोळंबा होतो ते मशीन मोकळं राहता कामा नये. बाकीची थोडी थांबली तर थांबू देत. एवढं आमच्या दोघांत ठरायला पावसाळा उजाडला.

भिंतीबाहेरचं फळ्याला काही कळत नाही. कास्टिंगमध्ये ब्लोहोल (आत राहिलेली हवेची पोकळी) आहे हे अर्धं मशीनिंग झाल्यावर दिसतं. उसाला तोड आली की दोन ऑपरेटर रानात. त्यात आळस नाही, वर्षाचं पीक आहे. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की चिखली-आंबेवाडीकडची पोरं जनावरं हलवायला घरी जातात, आणि जायलाच पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये तर शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. कामगार म्हणजे दिवसाला इतके तास, असं धरून लिहिलेलं प्रॉडक्टिव्हिटीचं ज्ञान इथं निम्मंच लागू पडतं.

शेवटी ‘पैसे आले’ असा एक रकाना मी जोडला, त्याला हुकांची मर्यादा घालता येत नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं ४५ दिवसांच्या वर उधारी नाही, आणि एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा मिळत नाही. तरी आमची एक पार्टी माल मिळाल्याची नोंदच उशिरा करते, म्हणजे दिवस मोजायला सुरुवातच उशिरा. सध्या फळ्यावर सगळ्यात दाटी याच रकान्यात आहे.

ऑफिसातही असाच एक छोटा फळा लावला होता, कोटेशन आणि ड्रॉइंगसाठी. तो काढला. कोटेशन दहा मिनिटांचं की दोन दिवसांचं हे उघडून बघेपर्यंत कळत नाही, तिथं कार्डं नुसती शोभेची.

चार-पाच मशीन आणि सारखे बदलणारे जॉब असतील तर जरूर लावा. एकच पार्ट वर्षभर काढत असाल तर गरज नाही. प्लाय १८ एमएमचं घ्या, पातळ घेतलं तर पावसाळ्यात फुगतं. आणि हुक पहिल्या दिवसापासून आखूडच ठेवा.