रीफ टँकचं पाणी: रत्नागिरीहून आणायचं की घरीच बनवायचं?

"आंबा घाट उतरला की समुद्र. मग टँकसाठीच्या तयार मिठाच्या बादलीवर पैसे कशाला घालवायचे?" कोल्हापुरात प्रवाळाचा टँक लावायचा म्हटलं की कुणीतरी हे विचारतंच.

समुद्राचं पाणी फुकट, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण निसर्गानंच जुळवलेलं. पण ते कधी आणि कुठलं, हे बघावं लागतं. पावसाळ्यात खाड्यांमधून गढूळ गोडं पाणी येतं, किनाऱ्यावरची क्षारता (लिटरमागे किती ग्रॅम मीठ, ते) 35 च्या बरीच खाली उतरते. जेटीजवळ डिझेलचा तवंग. म्हणजे हिवाळ्यात, खाडीपासून लांब, खडकाळ किनाऱ्यावर कॅन भरायचे. घरी गाळून दोनेक आठवडे अंधारात ठेवायचे. 20 लिटरचा एक कॅन साडेवीस किलो भरतो. 100 लिटरच्या टँकला आठवड्याला 10 टक्के पाणी बदललं तर महिन्याला असे दोन कॅन; 300 लिटरला सहा. जिना कितव्या मजल्याचा आहे, तेही धरा हिशेबात!

घरी बनवायचं तर 10 लिटरला साधारण 360 ग्रॅम रीफ सॉल्ट, म्हणजे प्रवाळाच्या टँकसाठीचं तयार मीठ. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. नाहीतर कॅल्शियम साका होऊन खाली बसतं. पंप रात्रभर फिरवा, सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायच्या उपकरणावर) थेंब ठेवा, 35 दिसलं की झालं.

मीठ मात्र नळाच्या पाण्यात कालवू नका. क्लोरीन, नायट्रेट, सिलिकेट सगळं टँकमध्ये जातं आणि काचा शेवाळानं भरतात. स्वयंपाकघरातला आरओही पुरत नाही. त्याच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) बहुधा 40-50 असतो, आपल्याला शून्य हवा. त्यासाठी आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषून घेणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज लागतं.

आता खरी गोम. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. एप्रिल-मेमध्ये टँकवर पंखा लावला की पातळी रोज खाली. ती भरायला गोडं, शून्य टीडीएसचंच पाणी लागतं, मग टँकमधलं खारं पाणी कुठूनही आणलेलं असो. म्हणजे आरओ-डीआयचा खर्च समुद्रवाल्यालाही चुकत नाही. वाचतं ते फक्त मीठ.

म्हणून माझं मत घरच्या पाण्याला. टँक लहान असेल आणि डिसेंबरात कोकणात जाणं होतच असेल, तर आणा दोन कॅन. पण त्यात किनाऱ्यावरचं प्रवाळ नको. कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.