आमच्या घरातल्या कात्र्या : आठ महिने वापरून

सुरुवात आबांच्या नाकातल्या केसांपासून झाली. आबा म्हणजे माझे सासरे, वय 78, रेल्वेतून निवृत्त. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर भुसावळच्या उन्हात कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत जाणंही त्यांना नकोसं झालं. नाकातला एखादा केस बाहेर डोकावला की ते चिमटीत धरून उपटायचे. मार्चमध्ये नाकात आतल्या बाजूला फोड आला, शेंडा लालभडक, हात लावू देईनात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दमही दिला. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातल्या शिरा आत मेंदूजवळच्या शिरांना जाऊन मिळतात, तिथला संसर्ग वर चढला तर भारी पडतो, त्यात तुम्हाला शुगर. यापुढे उपटायचं नाही, कापायचं.

ट्रिमर घरात होता, पण त्याचा घुर्र आवाज कानाशी आला की आबा दचकतात, आणि एप्रिलमध्ये वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही. म्हणून कात्र्या घ्यायच्या ठरल्या. तीन ऑनलाइन मागवल्या, दोन जळगावला सलूनच्या सामानाच्या दुकानातून आणल्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीची ही गोष्ट. आता बाजारात भरिताची वांगी आलीत, म्हणजे आठ महिने होत आले. या काळात एक कात्री वाया गेली, एक धूळ खात पडली, आणि सगळ्यात स्वस्त होती तिने पैसे फेडले.

तीच आधी सांगते. नाक-कानाची कात्री, 110 रुपये. जेमतेम साडेतीन इंच, पाती बारीक आणि दोन्ही टोकं गोल, बोथट. टोचण्याची भीती नाही. आबांना खिडकीकडे तोंड करून बसवायचं, मान किंचित मागे, आणि बाहेर दिसतात तेवढेच केस कापायचे. आतले राहू द्यायचे, धूळ अडवायचं काम तेच करतात आणि आमच्याकडे मे महिन्यात फुफाट्याला तोटा नसतो. कानाला पाळी वर ओढून धरावी लागते. भुवयांचे लांब केसही हीच कापते, पण कंगव्याने वर विंचरून, कंगव्याच्या बाहेर येईल तेवढंच. एकदा कंगव्याशिवाय कापले तर आबांची एक भुवई पंधरा दिवस कायम आश्चर्यचकित होती. झाल्यावर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून ठेवते, आणि ती फक्त आबांची. आठ महिन्यांत धार तशीच आहे. मऊ, बारीक केस कापायचे म्हटल्यावर तिला झीज तरी कुठून येणार?

आता मुख्य कात्री. जळगावहून आणलेली सहा इंची, 1150 रुपये. सलूनच्या कात्रीची लांबी टोकापासून बोटाच्या कड्यापर्यंत मोजतात, मागे करंगळीसाठी निघालेला आकडा धरत नाहीत, हे मला दुकानात कळलं. ऑनलाइनवाल्यांची साडेसहा इंची घरी आल्यावर लहान का वाटते, त्याचं हे एक कारण. साडेपाच-सहा इंचाची बोटांत केस धरून कापायला, सात इंचाची कंगव्यावरून पुरुषांचे केस उतरवायला. मी मधली घेतली. पात्यावर 440सी कोरलेलं होतं. दुकानदार म्हणाला हे चांगलं स्टील, कडक असतं, धार टिकते. खरंच आहे ते. 420च्या साध्या स्टीलपेक्षा यात कार्बन बराच जास्त, साधारण एक टक्क्याच्या आसपास, त्यामुळे पाणी चांगलं चढतं, म्हणजे पातं कडक होतं. पण आठ महिन्यांनी माझं मत असं झालंय की घरच्या माणसाने स्टीलचा आकडा शेवटी बघावा. आधी बघावा तो मधला स्क्रू.

कात्री म्हणजे दोन सुऱ्या नव्हेत. सलूनची कात्री मिटवून उजेडासमोर आडवी धरली तर पात्यांच्या मधे बारीक फट दिसते. पाती आतून किंचित पोकळ घासलेली असतात, आणि मिटताना ती एका वेळी एकाच ठिकाणी एकमेकांना टेकतात. तो बिंदू खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत जातो आणि केस कापला जातो. स्क्रू सैल झाला की पाती एकमेकांपासून सुटतात, केस कापला न जाता मधे दुमडतो. धार कितीही असली तरी. स्क्रू फार आवळला की अंगठा दुखतो आणि धार धारेवर घासून झिजते.

तपासायची युक्ती सोपी आहे. एक कडं हातात आडवं धरायचं, दुसरं वर उचलून काटकोन करायचा आणि सोडून द्यायचं. पातं अलगद खाली येऊन पूर्ण मिटायच्या आधी, साधारण एक तृतीयांश उघडं असताना थांबलं पाहिजे. धाडकन मिटलं तर सैल, वरच अडकलं तर घट्ट. सलूनच्या कात्रीचा स्क्रू हाताने किंवा नाण्याने पाव फेरा फिरवता येतो. महिन्यातून एकदा मी हे बघते. आठवड्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, उघडझाप करून सगळीकडे पोचवायचा, बाहेर आलेलं काळं तेल कापसाने टिपायचं. पहिल्यांदा टिपलं तेव्हा कापसावर तेलापेक्षा मातीच जास्त होती.

कात्री धरायची रीत सलूनवाल्या भाऊंनी शिकवली. अंगठा आणि अनामिका कड्यांत, करंगळी आकड्यावर, आणि हलवायचा तो फक्त अंगठा. खालचं पातं कंगव्याशी स्थिर. पहिले आठ दिवस मी स्वयंपाक करता करता हवेत सराव करत होते. सासूबाई मूळच्या अमळनेरकडच्या, त्यांची अहिराणी अजून तशीच. त्या ओरडायच्या, "कैची रिकामी वाजाडू नको वं, घरमा भांडन व्हस." पुढे भांडण झालं खरं, पण कारण वेगळं होतं.

केस ओले करून कापावेत, पण ओला केस ताणला जातो आणि वाळल्यावर वर चढतो. थोरल्याचे केस कुरळे. पहिल्या वेळी मी हवे तेवढेच कापले आणि वाळल्यावर तो मुंजीतल्या बटूसारखा दिसायला लागला. तेव्हापासून बोटभर जास्त ठेवते. मिशी मात्र कोरडी असतानाच, नेमकं याच कारणासाठी. आमच्या ह्यांच्यासाठी साडेचार इंची मिशीची कात्री घेतली होती, 240 रुपये. चांगली आहे, टोकं अणकुचीदार, ओठावरची रेघ नीट येते. त्याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

धूळ खात पडली ती थिनिंगची, म्हणजे एक पातं साधं आणि एकाला कंगव्यासारखे दात, 30. किंमत 600. दाट केस विरळ करायला आणि कापलेल्या पायऱ्या मोडायला ती असते. दातांमधल्या खाचांतले केस सुटतात, दातांवरचेच कापले जातात. गंमत अशी की एकदा दाबल्यावर काहीच झालं नाही असं वाटतं. म्हणून मी त्याच जागी आणखी दोनदा दाबली. मुळाच्या फार जवळ दाबली हेही चुकलं. कापलेले खुंट उभे राहतात आणि वरच्या लांब केसांना ढकलतात, त्यामुळे केस बसायच्या ऐवजी फुगतात. थोरला शाळेतून आला तो थेट सलूनमध्ये गेला. भाऊंनी त्याला विचारलं म्हणे, "ही कैची कोणी धरली?" नाव सांगितलं नाही त्याने, एवढं माझं नशीब. दोन-अडीच इंच सोडून, प्रत्येक वेळी जागा बदलून वापरली तर ती चांगली चालते, पण तीन आठवड्यांतून एकदा केस कापणाऱ्या घराला तिच्यावाचून अडत नाही.

श्रावणात कानबाई बसवली, ही आमच्या खानदेशातली देवी. नागपंचमीनंतरचा रविवार, घर पाहुण्यांनी भरलेलं, रोटांची गडबड. कोणीतरी मखराला जरीची झालर लावत होतं आणि ड्रॉवरमध्ये पहिली हाताला लागली ती कात्री घेतली. जरीच्या फितीच्या काठात बारीक तार असते. सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं आणि पुढच्या रविवारी थोरल्याचे केस कापायला घेतले तर प्रत्येक वेळी त्याच जागी केस अडकून ओढला जातोय. ओल्या टिश्यू पेपरवर चालवून बघितली. चांगली कात्री टोकापर्यंत ओला कागद स्वच्छ कापते. ही मधेच फाडत होती. भिंग लावलं तर पात्याच्या मध्यावर खाच. कोणी केलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. सासूबाईंचं भाकीत त्या दिवशी खरं ठरलं.

पुढची चूक माझीच. दारावर सायकलवाला धारवाला आला. त्याने पाय मारत चाकावर पाती धरली, ठिणग्या उडाल्या, पाच मिनिटांत कात्री चकचकीत करून दिली, पैसे घेतले. कापड सरळ कापलं. केस मात्र कापेना, नुसता सरकायला लागला. जळगावच्या दुकानदाराने ती उजेडात धरली आणि मान हलवली. पात्याच्या आतल्या कडेला जी बारीक टेकायची रेघ असते, तीच घासून सपाट झाली होती. बाहेरची धारही गोलाकार होती, तिला सरळ उतार पडला. धारवाल्याला बोल लावत नाही, त्याची सहाण विळ्या-सुऱ्यांसाठी आहे आणि आमच्या विळ्या तो उत्तम लावतो. सलूनच्या कात्रीची धार वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या माणसाकडे लावतात, हे मी आधी विचारायला हवं होतं.

पुन्हा 1150 घालायची हिंमत नव्हती. दुकानदाराने 450ची दिली, साध्या स्टीलची, एका पात्याला अगदी बारीक करवतीसारखे दाते, बोट फिरवलं तरच जाणवतील. आणि इथे मी थक्क झाले. माझ्या हाताला हीच जास्त चांगली आहे! महागडीची धार गुळगुळीत, केस तिच्यावरून पुढे निसटायचा, सरळ रेघ यायला सराईत हात लागतो. ही दात्यांनी केस धरून ठेवते आणि जागच्या जागी कापते. सराईत माणसाला केसांवरून कात्री घसरवत कापायचं असतं, त्याला ही चालणार नाही. मला घसरवत कुठे कापायचंय!

नखांच्या वाकड्या कात्रीबद्दल थोडं सावध करते, कारण जाहिरातीत ती सगळ्यांसाठी आहे असं दाखवतात. 160 रुपयांची, पाती वक्र. हाताच्या नखांना ठीक, नखाच्या कडेला निघालेली साल कापायला तर फारच छान, ओढून रक्त काढण्यापेक्षा शंभर पटीने बरं. पण आबांच्या पायाची नखं जाड, पिवळी. वाकडी कात्री कोपऱ्यात घुसते आणि नख गोल कापलं जातं. मग कडेचं नख वाढताना मांसात रुततं. शुगर असलेल्या माणसाच्या पायाला एवढीशी जखम महिनाभर पुरते. आता आंघोळीनंतर, लांब दांड्याच्या मजबूत नेलकटरने, थोडं थोडं करून सरळ आडवं कापते आणि कोपरे कानशीने घासते. पायाला कात्री लावतच नाही.

राहिली धाकटीची. ती डावखुरी. कपाळावरच्या बटा स्वतः कापायचा हट्ट करते आणि प्रत्येक वेळी कात्री केस चावते म्हणून रडकुंडीला येते. मी म्हणायचे, घाई करतेस. दोष तिचा नव्हताच. उजव्या हाताने कात्री दाबताना अंगठा नकळत बाहेर ढकलतो, बोटं आत ओढतात, आणि त्यामुळे पाती एकमेकांवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की हाच जोर पात्यांना वेगळं करतो. उलटी धरूनही उपयोग नाही, वरचं पातं त्याच बाजूला राहतं. डावखुऱ्यांच्या कात्रीत पात्यांची चढणच उलटी असते. ती जळगावात मिळाली नाही, ऑनलाइन 520ला आली. पहिल्यांदा हातात घेऊन तिने बट कापली आणि आरशात न बघता माझ्याकडे बघितलं. तेरा वर्षं झाली तिला. बालवाडीपासूनच्या तिच्या सगळ्या वाकड्यातिकड्या चिकटकामाच्या वह्या मला त्या क्षणी आठवल्या.

सासूबाईंकडे त्यांच्या लग्नातली कात्री अजून आहे, मेरठची, पितळी मुठीची. मेरठच्या कात्र्यांना 2013 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. गाड्यांच्या कमानपाट्यांच्या भंगारातून तिथे पाती घडवतात, मूठ मोडीच्या धातूची, आणि धार गेली की पुन्हा लावून वापरायची. सासूबाई तिने कापडही कापतात आणि स्वतःच्या वेणीचं टोकही. मी एकदा म्हटलं, कापडाची कात्री केसांना लावू नये, केस चिरडतात. त्यांनी वेणी पुढे घेतली, खच्चकन टोक उडवलं आणि माझ्या हातात दिलं. बघितलं तर स्वच्छ कापलेलं होतं. मी स्क्रू तपासला. अगदी हवा तेवढाच.

ती 1150ची आता स्वयंपाकघरात असते. कोथिंबिरीची जुडी छान कापते. हे तिने दुधाच्या पिशव्या कापतात, त्यांना वाटतं मला माहीत नाही.